औषधी गांजाचें दुकान आणि पिकविणाऱ्याचा वांटा

सन २०२१ च्या ऑगस्ट महिन्यांत सोलापूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यानें आपल्या दोन एकर जमिनींत गांजाची लागवड करण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितल्याची बातमी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली होती. कोणत्याही पिकास निश्चित भाव मिळत नाहीं, गांजास मात्र बाजारांत चांगला भाव आहे, अशा आशयाचें त्याचें म्हणणें होतें. ती बातमी वाचून पुष्कळ लोक हंसले. आमच्या मतें तीत हंसण्यासारखें कांहीं नव्हतें. ज्याच्या कांद्याचा भाव वाहतुकीच्या भाड्यासही पुरत नाहीं, त्यानें भाव असलेल्या पिकाकडे डोळे लावावे हें स्वाभाविक आहे. तेव्हांपासून हा विषय शेतकरीवर्गांत अधूनमधून निघतोच, आणि तो निघाला कीं कोणी तरी सांगतो, "अमेरिकेंत गांजाचीं राजरोस दुकानें आहेत, रोगी चिठ्ठी घेऊन येतात आणि दुकानदार गबर होतात." हें बोलणें कितपत खरें आहे, तें दुकान चालतें कसें, त्यांत नफा कोणाचा होतो आणि माल पिकविणाऱ्याच्या पदरांत काय पडतें, याचा हिशेब वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें मत आरंभींच सांगतों. या धंद्यांत नफा आहे, परंतु तो झाडांत नाहीं. तो परवान्यांच्या मर्यादेंत, हिशेबाच्या काटेकोरपणांत आणि रोग्याच्या विश्वासांत आहे. आणि दुकानाच्या मालकींत ज्या शेतकऱ्याचा वांटा नाहीं, त्याच्या वांट्यास त्यांतील फारसें कांहीं येत नाहीं.

गांजा औषधी आहे हा शोध अमेरिकेचा नव्हे. आपल्या वैद्यकांत भांग 'विजया' या नांवानें फार दिवसांपासून परिचित आहे. कलकत्त्यास असलेल्या विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरानें सन १८३९ मध्यें या झाडाच्या औषधी उपयोगावर निबंध लिहिला, आणि तेथून त्याची माहिती पाश्चात्य वैद्यकांत पसरली. पुढें विसाव्या शतकांत अमेरिकेनें त्यावर बंदी घातली व सन १९७० च्या कायद्यानें त्यास अत्यंत घातक द्रव्यांच्या पहिल्या यादींत बसविलें. तथापि सन १९९६ मध्यें कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं रोग्यांपुरती सूट देणारा कायदा मंजूर केला, आणि त्यामागून एकेक राज्य त्याच वाटेनें गेलें. अशा रीतीनें एकाच मालास राज्याचा कायदा औषध म्हणूं लागला आणि मध्यवर्ती सरकारचा कायदा गुन्ह्याचें साधन म्हणत राहिला. या दुकानांच्या बहुतेक अडचणींचें मूळ या विसंगतींत आहे.

औषध म्हणून त्याचा उपयोग किती, याविषयीं अतिशयोक्ति फार होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें सन २०१७ मध्यें सर्व संशोधन तपासून अहवाल दिला. प्रौढ माणसांचें जुनाट दुखणें, कर्करोगावरील औषधांनीं होणारी ओकारी आणि मज्जातंतूंच्या एका विकारांत स्नायूंस येणारा ताठरपणा यांवर उपयोग होतो असा पुरेसा पुरावा त्या समितीस आढळला. इतर पुष्कळ रोगांविषयीं तसा पुरावा आढळला नाहीं. या झाडापासून काढलेलें शुद्ध औषध सन २०१८ मध्यें लहान मुलांच्या दोन दुर्धर प्रकारच्या अपस्मारावर अमेरिकेंत मान्य झालें, परंतु तें गांजाच्या दुकानांत नव्हे, इतर औषधांप्रमाणें चिठ्ठीवर औषधालयांत मिळतें. दुकानांत येणाऱ्या गिऱ्हाइकाजवळ डॉक्टरची शिफारस व राज्याचें ओळखपत्र असतें. कोणता माल व किती घ्यावा हें मात्र बहुतेक ठिकाणीं दुकानांतील नोकरच सांगतो. म्हणून चांगला दुकानदार तोच, जो माहीत नाहीं तें माहीत नाहीं असें सांगतो आणि वेदनेनें गांजलेल्या माणसास आश्वासनें विकीत नाहीं.

आतां खर्चाकडे वळूं. दुकान थाटावयाचें तर प्रथम परवाना. मग शाळेपासून ठराविक अंतरावर जागा. मग कॅमेरे, तिजोरी आणि पहारा. प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेंत तपासणी होते. बुरशी, कीटकनाशकाचा अंश, जड धातु आणि मादक अंशाचें प्रमाण पाहिलें जातें. अनेक राज्यांत रोपापासून पुडीपर्यंत प्रत्येक मालास चिठ्ठी लावून त्याची नोंद सरकारी वहींत ठेवावी लागते. एक तोळा कमी भरला तरी जाब द्यावा लागतो. मध्यवर्ती कायद्याच्या भीतीनें पुष्कळ बँका या धंद्याचें खातें उघडीत नाहींत, म्हणून व्यवहार बहुतांशीं रोखीचा. रोख पैसा म्हटला कीं चोर आला, आणि चोर आला कीं पहाऱ्याचा खर्च वाढला. शिवाय माल नाशवंत. फुलें वाळून हलकीं होतात, त्यांचा वास व गुण उतरतो, आणि तपासणीची मुदत संपली कीं तीं गिऱ्हाइकास देतां येत नाहींत. भाजीवाल्याप्रमाणें येथेंही जो थोडें घेतो आणि लवकर विकतो तोच टिकतो.

या सर्वांवर कडी केली ती आयकराच्या एका कलमानें. मिनियापोलिस येथील मादक द्रव्यांच्या एका विक्रेत्यानें आपल्या धंद्याचा खर्च उत्पन्नांतून वजा मिळावा म्हणून दावा केला, आणि सन १९८१ मध्यें करविषयक न्यायालयानें त्यांतील बराच भाग मान्य केला. कायदेमंडळास ही गोष्ट लाजिरवाणी वाटली, आणि सन १९८२ मध्यें २८०-ई हें कलम आलें. पहिल्या दोन याद्यांतील द्रव्यांचा व्यापार करणाऱ्यास मालाची मूळ किंमत वजा मिळेल, परंतु भाडें, पगार, दिवाबत्ती, जाहिरात यांपैकीं कोणताही खर्च वजा मिळणार नाहीं, असा त्याचा अर्थ. गुन्हेगारासाठीं विणलेलें हें जाळें चौदा वर्षांनीं जन्मलेल्या औषधी दुकानांच्या पायांत अडकलें.

याचा परिणाम केवढा होतो तें उदाहरणानें पाहूं. एका दुकानाची विक्री १०० डॉलर, मालाची मूळ किंमत ५५ व इतर खर्च ३५ डॉलर असा मानूं. खरा नफा १० डॉलर राहिला. साधा किराणा दुकानदार असता तर कंपन्यांवरील २१ टक्के दरानें त्यास २ डॉलर १० सेंट कर बसून ७ डॉलर ९० सेंट हातीं राहिले असते. हें कलम लागू असलेल्या गांजाच्या दुकानदारास मात्र ४५ डॉलरांवर कर द्यावा लागतो. तो ९ डॉलर ४५ सेंट होतो आणि त्याच्या हातीं अवघे ५५ सेंट उरतात. खर्च आणखी एका डॉलरनें वाढला तर नफा झाला असूनही धंदा तोट्यांत जातो. दुकानांपुढें रांगा दिसतात आणि आंत मालक कर्ज काढून कर भरीत असतो, हा चमत्कार या कलमाचा आहे. मे २०२४ मध्यें गांजा तिसऱ्या यादींत हलविण्याचा प्रस्ताव मध्यवर्ती सरकारनें प्रसिद्ध केला, आणि डिसेंबर २०२५ मध्यें तें काम त्वरेनें पुरें करावें असा हुकूम अध्यक्षांनीं काढला. तिसऱ्या यादीस हें कलम लागू नाहीं, म्हणून सगळा धंदा या बदलाकडे डोळे लावून बसला.

परंतु शेतकऱ्यानें या हिशेबांतील दुसरी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. वरील दुकानदारानें खर्च तोच ठेवून मालाची खरेदी ५५ ऐवजीं ५० डॉलरांत केली, तर कर साडेदहा डॉलर होऊन त्याच्या हातीं साडेचार डॉलर राहतील. म्हणजे पूर्वीच्या आठपट. पहारा कमी करतां येत नाहीं, भाडें कमी होत नाहीं, तपासणी टळत नाहीं. मग दाबतां येतें कोणास? मळेवाल्यास. दुकानदार वाईट असतो म्हणून नव्हे, तर धंद्याची घडणच अशी आहे म्हणून त्याची पहिली नजर पिकविणाऱ्याच्या भावावर जाते. आपल्या बाजार समितींत अडत, हमाली, तोलाई हे सर्व खर्च कायम राहून कमी काय होतें तें आपल्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

ओक्लाहोमा राज्यांत काय घडलें तें या बाबतींत फार बोधप्रद आहे. तेथील मतदारांनीं जून २०१८ मध्यें औषधी गांजास मान्यता दिली. परवान्याची फी २,५०० डॉलर. परवाने किती द्यावे यास मर्यादा नाहीं. कोणत्या रोगास शिफारस द्यावी याचीही यादी नाहीं. जमीन स्वस्त, फी थोडी. लोक तुटून पडले. सुमारे चाळीस लाख वस्तीच्या त्या राज्यांत साडेतीन लाखांहून अधिक लोकांनीं रोग्याचीं ओळखपत्रें काढलीं. दुकानें दोन हजारांहून अधिक झालीं आणि मळे आठ हजारांच्या वर गेले. दर दुकानास दोनशेही रोगी येईनात. दुकानें एकमेकांवर भाव पाडूं लागलीं, आणि मळेवाल्यांचा भाव त्याहून खालीं गेला. परवान्याच्या आडून परराज्यांत चोरटा माल धाडणारेही शिरले. शेवटीं ऑगस्ट २०२२ मध्यें राज्यानें नवे परवाने देणें थांबविलें. औषधाखेरीज करमणुकीसाठींही विक्री खुली करावी म्हणजे गिऱ्हाईक वाढेल, अशी आशा कित्येकांस होती. परंतु मार्च २०२३ मध्यें मतदारांनीं ती सूचना फेटाळली. सन २०२४ संपेपर्यंत मळ्यांची संख्या निम्म्याहूनही खालीं आली होती.

ऑरेगन राज्यांत औषधाबरोबर सर्वसाधारण विक्रीही खुली होती, तरी कथा निराळी नाहीं. सन २०१९ च्या आरंभीं तेथील नियामक मंडळानेंच सांगितलें कीं, परवानाधारकांजवळ पडून असलेला माल राज्यास सुमारे साडेसहा वर्षें पुरेल. राज्याबाहेर माल नेणें मध्यवर्ती कायद्यानें गुन्हा. तेव्हां तो जाणार कोठें? पिकविणाऱ्यानें पिकवावें आणि भावाचा लाभ इतरांनीं घ्यावा, याला आपल्याकडे आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें असें म्हणतात. सफेद मुसळी, व्हॅनिला, ईमू यांचे दिवस आपल्या शेतकऱ्यांनीं पाहिले आहेत. पहिल्या वर्षीं रोपें विकणारा श्रीमंत झाला, दुसऱ्या वर्षीं दलाल आणि तिसऱ्या वर्षीं शेतकरी सावकाराच्या दारीं गेला. गांजाचें झाड या नियमास अपवाद नाहीं.

याच्या उलट टोंक फ्लोरिडाचें. तेथें सन २०१६ मध्यें लोकमतानें औषधी गांजा मान्य झाला, परंतु परवाने मोजके, आणि ज्यास परवाना त्यानेंच पिकवावें, त्यानेंच प्रक्रिया करावी व त्यानेंच दुकानांत विकावें असा निर्बंध. भाव कोसळण्याचें भय त्यामुळें कमी झालें. पण एवढें भांडवल लहान शेतकऱ्याजवळ कोठून असणार? धंदा मोठ्या कंपन्यांच्या हातीं गेला. एका राज्यानें दार सताड उघडलें आणि शेतकरी चेंगरला. दुसऱ्यानें तें किलकिलें ठेविलें आणि शेतकरी बाहेरच राहिला.

मग तिसरा मार्ग आहे काय? आहे, आणि तो शोधण्यास अमेरिकेस जावें लागत नाहीं. सन १८९३-९४ मध्यें हिंदुस्थान सरकारनें नेमलेल्या गांजाभांग चौकशी मंडळानें सरसकट बंदी न घालतां परवाना, मर्यादित लागवड व कर यांचा मार्ग सुचविला होता. त्या काळीं बंगालचा गांजा मुख्यतः नौगाव भोंवतालच्या ठराविक टापूंत पिके. तेथील शेतकरी मध्यस्थांच्या हातीं पुरा सांपडलेला असे. सन १९१७ मध्यें तेथें गांजा पिकविणाऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. लागवड परवान्यानें बांधलेली, आणि माल विकण्याचा अधिकार एकट्या संस्थेचा. मध्यस्थ दूर झाला. संस्थेनें आपल्या नफ्यांतून त्या टापूंत शाळा, दवाखाने, गुरांचे दवाखाने आणि रस्ते यांसाठीं पैसा खर्च केला. हा मुलूख पुढें पूर्व पाकिस्तानांत व मग बांगलादेशांत गेला, आणि सन १९८७ मध्यें तेथील लागवड सरकारनें बंद केली.

कोणी म्हणेल, नौगावचा गांजा औषधासाठीं नव्हे, चिलमीसाठीं जात होता. त्याचें कौतुक कशास? आक्षेप योग्य आहे, आणि त्या गिऱ्हाइकाचें कौतुक आम्हांस मुळींच करावयाचें नाहीं. आम्ही मालाची नव्हे, व्यवस्थेची गोष्ट बोलत आहों. मर्यादित क्षेत्र, एकच विक्रेता आणि त्या विक्रेत्याची मालकी पिकविणाऱ्यांकडे, या तीन गोष्टी एकत्र आल्या कीं पिकविणाऱ्यास भाव मिळतो, एवढें त्या संस्थेनें दाखवून दिलें. अमेरिकेंतील एक निकालही याच दिशेनें बोट दाखवितो. ओकलंड येथील हार्बरसाइड या प्रसिद्ध दुकानानें, आपल्या सभासद मळेवाल्यांमार्फत आपणच माल पिकवितों, तरी उत्पादकाप्रमाणें अधिक खर्च मूळ किंमतींत धरूं द्यावा, असें न्यायालयास सांगितलें. न्यायालयानें सन २०१८ मध्यें तें अमान्य केलें. दुकान हें माल विकत घेऊन पुन्हा विकणारें आहे, पिकविणारें नव्हे, असा निर्णय दिला, आणि सन २०२१ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो कायम ठेविला. म्हणजे कराच्या दृष्टीनेंही जो स्वतः पिकवितो त्याची बाजू केवळ विकणाऱ्याहून बळकट असते. ऊस पिकविणाऱ्यांनींच कारखान्याची मालकी घ्यावी हें तत्त्व प्रवरानगरास सन १९५० पासून प्रत्यक्षांत आलेलें ज्यांनीं पाहिलें, त्यांस हें नव्यानें पटवून द्यावें लागणार नाहीं.

आतां आपल्या देशाचा कायदा. सन १९८५ च्या मादक द्रव्यविषयक कायद्यानें झाडाचे फुलोरे, म्हणजे गांजा, आणि त्याचा राळेसारखा चीक, म्हणजे चरस, यांवर बंदी घातली; नुसतीं पानें व बियां यांस गांजाच्या व्याख्येंतून वगळलें. त्यामुळें भांगेच्या पानांचीं आयुर्वेदिक औषधें परवान्यानें तयार होतात व वैद्याच्या चिठ्ठीवर विकलीं जातात. वैद्यकीय व शास्त्रीय कामासाठीं लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार कलम १० नें राज्य सरकारास आहे. सूत व बियां यांसाठीं लागवडीचें निराळें कलम असून उत्तराखंडानें सन २०१८ मध्यें त्याप्रमाणें परवाना दिला. मात्र त्या झाडांत मादक अंश शेंकडा ०.३ हून अधिक चालत नाहीं. परवान्यावांचून एकही झाड लावणें हा गुन्हा आहे. कलम २० प्रमाणें दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. उसाच्या किंवा हळदीच्या फडांत चार झाडें लपवून लावणाऱ्या शेतकऱ्यांना अटक झाल्याच्या बातम्या नेहमीं येतात. माल घेणारा व्यापारी त्या बातमींत बहुधा नसतो. ज्याची जमीन तोच तुरुंगांत जातो. अशा मोहास कोणीही बळी पडूं नये, हें आम्ही स्पष्ट शब्दांत सांगतों.

तथापि कायदे बदलतात, आणि आपल्या सरकारनेंही औषधासाठीं हें पीक खुलें करण्याचा विचार केव्हां तरी केला तर शेतकरीवर्गानें झोपेंत सांपडूं नये. त्या वेळीं तीन मागण्या एकमुखानें झाल्या पाहिजेत. पहिली, लागवडीचें क्षेत्र दर वर्षीं रोग्यांच्या खऱ्या गरजेवरून ठरावें. परवान्याच्या फीच्या लोभानें सरकारनें तें वाढवूं नये. दुसरी, परवाने व्यक्तीस किंवा कंपनीस न देतां पिकविणाऱ्यांच्या सहकारी संस्थांस द्यावे, आणि तपासणी, प्रक्रिया व विक्री यांची मालकी त्यांचीच असावी. तिसरी, विक्री वैद्याच्या चिठ्ठीवर आणि जाणत्या औषधविक्रेत्याच्या हातूनच व्हावी. कारण ज्या दिवशीं रोग्याच्या नांवावर व्यसनी माणसाची रांग दुकानापुढें लागेल, त्या दिवशीं समाज तें दुकान बंद करील आणि त्याबरोबर शेतकऱ्याचें पीकही बुडेल. नफा टिकावयाचा तर दुकानाची अब्रू टिकली पाहिजे.

यांपैकीं एक जरी मागणी मान्य झाली नाहीं, तरी या पिकाच्या नादीं न लागणें हेंच शहाणपण. बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी, अशी स्थिति आपली होऊं नये. सोलापूरच्या त्या अर्जांतील खरी मागणी गांजाची नव्हती. ती भावाची होती. ज्या व्यवस्थेनें कांदा, तूर व टोमॅटो यांस भाव मिळत नाहीं, ती तशीच ठेवून तींत दुसरें पीक घातलें तर त्या पिकाचेंही तेंच होईल. म्हणून जो उत्साह या नव्या झाडाच्या चर्चेत दिसतो, तो आपल्या गांवच्या खरेदी-विक्री संघाच्या पुढील सभेंत दिसावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.